अप्पांच्या तळहाताखाली

परदेशातल्या नेमणुकीची ऑर्डर आली तेव्हा मी गळ्यातलं इष्टलिंग काढून ट्रंकेत ठेवलं. आम्ही लिंगायत; आमच्यात ते मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. पण बराकीत चारचौघांसमोर ते डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायची मला लाज वाटायची. ट्रंक इकडेच युनिटात राहिली आणि मी शांतिसेनेबरोबर काँगोला गेलो. फोनवर अप्पा, म्हणजे माझे वडील, दर वेळी विचारायचे, "पूजा झाली काय?" मी म्हणायचो, "झाली." चूक माझीच होती, ती कुणावर ढकलता येत नाही.

पुढे अप्पांना अर्धांगाचा झटका आला आणि मला रजा मिळाली. मुंबईत उतरून मुरगूडच्या पुढे असलेल्या आमच्या घरी फोन लावला. थोरली बहीण अक्का रडकुंडीला आली होती. "डावा हात लटलट कापतोय, लिंग तळहातावर ठरत न्हाय. आन् पूजेबिगर घास घेत न्हाईत. कालपासनं नुसत्या पाण्यावर हाईत. मी हात धरते म्हटलं, तर म्हणत्यात, तुमी घरातली नुसतं उरकता, त्यो परदेशात बी रोज करतोय, त्याचाच हात पायजे. लवकर ये बाबा."

वाटेत मी महादेवाला आळवत होतो, पण मागायचं कोणत्या तोंडानं ते कळत नव्हतं. कोल्हापूरला एसटीत शेजारी एक अनोळखी म्हातारा येऊन बसला. कपाळावर भस्माचे पट्टे. त्यानं गाव, आडनाव, नोकरी विचारली आणि माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघत सरळ म्हणाला, "पावणं, लिंग कुठं हाय?"

खोटं तयार होतं. तरी तोंडातून निघालं, "ट्रंकेत."

"फौजेला जड झालं व्हय?" तो इतक्या मोठ्यानं हसला, की पुढची माणसं वळून बघायला लागली. मग आवाज उतरवून म्हणाला, "मठातलं स्वामी दुसरं बांधतील की. आदी घरात सांगा." मुरगूडला उतरताना त्यानं भस्माची पुडी माझ्या हातावर ठेवली. पुन्हा तो कधी दिसला नाही. त्याला कुणी पाठवलं, हा वाद मी घालत नाही. पण आजही भस्म लावताना त्याचे उपकार आठवतात.

घरी अप्पा भिंतीला टेकून बसले होते. मला बघून त्यांचे डोळे भरले. जड जिभेनं म्हणाले, "अंगोळ करून ये. हात धर."

अंघोळ करून, तेच भस्म लावून मी बसलो. त्यांच्या थरथरत्या तळहाताखाली माझा हात धरला, तर माझाच कापायला लागला.

"फौजी न्हवं तू?" अप्पा म्हणाले. "हात हलतोय की."

देवापुढे डोकं टेकलं की शरण गेलो, असं मी समजत होतो. ते सोपं असतं. बापाच्या डोळ्यांत बघून बोलणं अवघड.

"अप्पा, माझं लिंग ट्रंकेत पडलंय. तिकडं एक दिवस बी पूजा केली न्हाय. दर फोनला खोटं बोललो. चुकलं माझं. ह्यो हात चालत नसंल तर अक्काला हाक मारतो."

अप्पांनी हात काढून घेतला नाही.