क्वालिटी डिपार्टमेंटचा व्हॅक्यूम क्लीनर

क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये नोकरी केली की दोन गोष्टी साठत जातात. रिजेक्ट माल आणि किस्से. माल निदान महिन्याला भंगारवाला उचलून नेतो. किस्से कोण नेणार? ते डब्याच्या टेबलावरच पडून राहतात आणि रोज कुणीतरी त्यात भर घालतं.

आमचं टेबल चौघांचं. अंबडच्या एका कारखान्यात आम्ही मशीनचे पार्ट तपासतो. क्षीरसागर साहेब आमचे मॅनेजर, रिटायरमेंट तोंडावर आलेली, चहा बिनसाखरेचा, आणि "मोजल्याशिवाय बोलू नका" हे त्यांचं पालुपद. पठाणभाई मूळचे येवल्याचे. बोडके सगळ्यांत तरुण, त्यामुळे बाजारात आलेली नवी वस्तू आधी त्याच्या घरी. चौथा मी, जाधव, इंदिरानगरला राहणारा. यंदा दसऱ्याच्या आधीपासून टेबलावर विषय एकच : जाधवांनी घरी व्हॅक्यूम क्लीनर कुठला घ्यावा? टिकणारा, बरं का!

ऐकायला साधा प्रश्न. पण माझी आख्खी दिवाळी त्याच्यावर अडकली होती.

*

माझ्या बायकोला, सुनंदाला, धुळीची अ‍ॅलर्जी. झाडू हातात घेतला की शिंका सुरू, त्याही एकदोन नाहीत, माळच लागते. त्यात आमच्या आईला शिंक म्हणजे अपशकुन! सकाळी मी बूट घालून दारात उभा. आत सुनंदा झाडतेय. "आक्छी!" लगेच आई, "थांब! बस खाली. घोटभर पाणी पी, मग नीघ."

मी बसायचो. पाणी प्यायचो. उठायचो. "आक्छी!"

"बस!"

कंपनीची बस काय माझ्या पाण्यासाठी थांबते होय? लेट मार्क पडायला लागले. एचआरच्या मॅडमनी बोलावून विचारलं, "जाधव, रोज उशीर का होतो?"

"मॅडम, बायको शिंकते."

मॅडमनी लेट मार्कचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "कौतुक आहे तुमचं. बाकीचे निदान ट्रॅफिकचं नाव सांगतात!"

मी हे हसत सांगतो खरा, पण दिवाळीची साफसफाई सुरू झाली की तिचे लाल डोळे आणि सुजलेलं नाक बघून मला मनापासून वाईट वाटतं. यंदा तिने स्पष्टच सांगून टाकलं, "अहो, वसुबारसेच्या आत चांगलं मशीन घरात आलं नाही ना, तर मी दिवाळीला सिन्नरला, माहेरी. चकल्या तुम्ही पाडा." बोलून थांबली नाही. माळ्यावरची बॅग काढून पुसायला घेतली. तेवढ्यानेही ती शिंकलीच.

*

"चांगलं" हा शब्द तिने मुद्दाम वापरला होता. कारण गेल्या वर्षी मी एक आणलं होतं, ऑनलाइन स्टार बघून. पहिल्याच दिवशी सोफ्याच्या फटीत नळी घातली. खडखड, खडखड, खाड! मशीन गप्प.

आतून आईचा आवाज आला, "माझी जपमाळ बघितली का रे कुणी?"

सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिकडून विचारलं, "सर, आत काय गेलंय?"

"तुळशीची माळ."

कुणाला तरी विचारून आल्यावर तो म्हणाला, "सॉरी सर, वॉरंटीत धार्मिक साहित्य बसत नाही!"

*

हे टेबलावर सांगितल्यावर पठाणभाई म्हणाले, "जाधवसाहेब, ऑनलाइन सोडा. आमच्या अम्मीला विचारा. येवल्याच्या घरी मी मशीन दिलं त्याला जमाना झाला. एक स्क्रू ढिला नाही!"

आम्ही सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. इतकं भरवशाचं मशीन येवल्यात आहे आणि आम्ही इथे स्टार मोजत बसलोय! साहेबांनी तिथल्या तिथे फोन लावायला सांगितला, स्पीकरवर.

"लय गुणाचं मशीन हाय बेटा," अम्मी म्हणाल्या. "आख्खी गल्ली मागून नेते."

साहेबांनी मुद्द्याला हात घातला. "अम्मी, आतली पिशवी किती दिवसांनी साफ करता?"

"पिशवी? कसली पिशवी?"

"धुळीची. मशीनच्या आत असते ती."

"धूळ आत कशाला जाईल? हे तर फुंकर मारतंय!"

मग उलगडा झाला. नळी पहिल्या दिवसापासून मागच्या बाजूला, हवा बाहेर पडते त्या तोंडाला लावलेली! धुळीचा एक कणही त्या मशीनने आजवर गिळलेला नाही. बकरी ईदला मात्र गल्लीतल्या सगळ्या शेगड्या त्याच्यावर फुलतात, आणि कबाब असे होतात की विचारू नका.

फोन ठेवल्यावर साहेब गंभीरपणे म्हणाले, "टिकाऊपणात पास आहे. पण जाधवांना कबाबाचं मशीन नकोय."

*

बोडकेकडे तो गोल रोबोट आहे, जमिनीवर आपला आपण फिरणारा. मी तोच घेणार होतो. पण मध्ये दसरा आला.

बोडकेच्या आई दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतात. मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटर. यंदा रोबोटचीही केली. हळदकुंकू, अक्षता, डोक्यावर झेंडूचं फूल. दुसऱ्या दिवसापासून रोबोट बिघडला. वीतभर पुढे यायचा, दचकायचा आणि मागे मागे सरकत पलंगाखाली जाऊन बसायचा.

"सोवळं पाळतोय बिचारा," आई म्हणाल्या.

आता आमच्या डिपार्टमेंटचा नियम असा की कुठलाही बिघाड आला की पाच वेळा "का?" विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. साहेबांनी डबा बाजूला सारला.

"रोबोट मागे का जातो?"

"पुढचा सेन्सर झाकला गेलाय, सर."

"का झाकला गेला?"

"त्याच्यावर कुंकू आहे."

"कुंकू का आहे?"

"दसरा होता."

"दसऱ्याला रोबोटला कुंकू का?"

"आईने लावलं."

"आईने का लावलं?"

बोडकेने डब्याचं झाकण लावलं. "सर, पाचवा प्रश्न तुम्ही घरी येऊन विचारा!"

*

साहेबांच्या स्वतःच्या घरची रीत वेगळी. घाईने निर्णय नाही, आधी डेमो. त्यामुळे दर दिवाळीच्या आधी त्यांच्या मिसेस वेगवेगळ्या कंपन्यांचे डेमोवाले बोलावतात. एकाकडून गाद्या. दुसऱ्याकडून सोफा आणि पडदे. तिसऱ्याकडून पंखे आणि माळा. मग सगळ्यांना गोड बोलून निरोप, "विचार करून कळवते हं!" आणि साहेबांना बिचाऱ्यांना खरंच वाटायचं की विचार चालू आहे.

यंदा गाद्यांचा डेमोवाला आला. चादर काढली आणि थबकलाच.

"काकू, हा चहाचा डाग ओळखीचा वाटतोय. गेल्या वर्षी मी दुसऱ्या कंपनीत होतो ना, तेव्हा ही गादी मीच केली होती!"

दुसरं कुणी असतं तर ओशाळलं असतं. मिसेस क्षीरसागर म्हणाल्या, "मग बघ ना रे जरा, वर्षभर टिकली का तुझी सफाई?"

*

शेवटी एका रविवारी साहेब स्वतः मला दुकानात घेऊन गेले. बेअरिंग तपासायची त्यांची जुनी पद्धत आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. दुकानदाराकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि साहेब एका लाल मशीनपुढे उकिडवे बसले. हळूहळू दुकानातलं गिऱ्हाईक गोळा झालं.

"बेअरिंग घासतंय," साहेबांनी निकाल दिला. "हे वर्ष काढत नाही."

सेल्समन हात जोडून म्हणाला, "सर, मशीन अजून चालू केलेलं नाही. तो वरचा एसी आहे."

साहेबांनी डोळे उघडले, वर बघितलं. "एसीपण वर्ष काढत नाही!"

*

आणि वसुबारस उद्यावर आली. सुनंदाची बॅग भरून कपाटाला टेकून उभी होती. साहेबांनी फर्मान काढलं, "आता चर्चा बस. जाधवांच्या घरी ट्रायल!"

दोन कंपन्यांचे डेमोवाले बोलावले. अर्धा हॉल एका मशीनला, अर्धा दुसऱ्याला. आणि पास-फेल ठरवणार सुनंदाचं नाक! साहेबांनी तिला समजावलं, "वहिनी, सफाई झाली की तुम्ही आत यायचं. सगळीकडे फिरायचं, सोफ्यावर डोकं टेकून बसायचं. शिंक आली की मशीन रिजेक्ट." तोवर ती आणि आई खालच्या मजल्यावर जोशीकाकूंकडे जाऊन बसल्या.

आणि मग लक्षात आलं की घरात धूळच नाही! साहेब येणार म्हणून आईने पहाटेच हॉल लखलखीत पुसून ठेवला होता.

साहेबांनी बोडकेला बिल्डिंगमध्ये पाठवलं. समोरच्या दारात तो अदबीने म्हणाला, "काकू, थोडी धूळ मिळेल का?"

"धूळ? आमच्याकडे?" काकूंचा आवाज जिन्यात घुमला. "वरच्यांना विचार!"

वरच्यांनी त्यांच्या वर पाठवलं. सगळ्यांत वरच्यांनी खाली पाठवलं. दिवाळी तोंडावर आलेली, आख्ख्या बिल्डिंगमध्ये चिमूटभर धूळ असल्याचं कुणी कबूल करेना! शेवटी पार्किंगमध्ये एक बेवारस मारुती उभी आहे, तिच्यावरची धूळ पठाणभाईंनी खरवडून आणली. सुनंदाच्या पोह्यांच्या डब्यातून. आणि साहेबांनी ती तिच्याच पिठाच्या चाळणीने हॉलभर, सोफाभर भुरभुरवली.

"सॅम्पल एकसारखं पाहिजे," ते म्हणाले. "करा चालू!"

डेमोवाल्याने बटण दाबलं आणि लाइट गेली. खाली जोशीकाकूंकडे इन्व्हर्टर, त्यामुळे तिथे पत्ताच नाही.

वाट पाहिली. वीज ऑफिसला फोन केला. पलीकडून कुणी उचलेना. "आली की हाक मारा," म्हणत डेमोवाले मशीन तिथेच ठेवून खाली टपरीवर गेले. हॉलमध्ये आम्ही चौघं आणि मारुतीची धूळ. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "अहो, झालं का? येऊ का मी?"

ही या हॉलमध्ये एक पाऊल टाकेल, पहिली शिंक देईल आणि तशीच बॅग उचलून सिन्नरची एसटी धरेल!

"पाच मिनिटं!" मी ओरडलो.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"बोडके, बादली. पठाण, जुने टॉवेल भिजवून आणा. जाधव, तुम्ही सोफा. आणि फडकं एकाच दिशेने ओढायचं, मागे-पुढे अजिबात नाही!"

ज्या माणसाला कंपनीत पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून मिळतो, तो माणूस आमच्या टीव्हीच्या टेबलाखाली पोटावर सरपटत होता. पठाणभाईंनी कोपरे घेतले. बोडकेने बादल्या बदलल्या. मी सोफ्याची एकेक फट पुसली, अशी पुसली की लग्नानंतर या घरात मी दुसरं काहीही इतक्या मन लावून केलेलं नसेल. शेवटचा कोपरा झाला, बादली बाथरूममध्ये गेली, आणि दार वाजलं. त्याच क्षणी लाइट आली!

सुनंदा आत आली. अनवाणी फिरली. खिडकीपाशी गेली, सोफ्यावर बसली, मागे डोकं टेकवलं. नाक जरासं हललं. आम्ही चौघांनी श्वास रोखला.

काही नाही!

तिने खोल श्वास घेतला. आणखी एक घेतला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण या वेळी ते धुळीचं नव्हतं. "अहो," ती म्हणाली, "किती वर्षांनी मी या सोफ्यावर धड बसलेय!" मला फार बरं वाटलं.

मग तिने त्या दोन मशीनकडे आळीपाळीने बघितलं. "यातलं कुठलं चालवलंत? तेच घ्यायचं. दुसरं मला दाखवूपण नका!"

बोडके छताकडे बघत होता.

"बरं, वीज फार खातं का ते?"

क्षीरसागर साहेबांनी उभ्या हयातीत खोटा रिपोर्ट दिलेला नाही. ओलं फडकं पाठीमागे धरून ते म्हणाले, "वीज अजिबात लागत नाही, वहिनी. चार कप चहा लागतो. एक बिनसाखरेचा."