नामदेवदादांची सुरी, रसूलभाईंचा सरस

चार सुतार एका छपराखाली आले की भुशासोबत किस्सेही साठतात. भुसा रोज झाडून काढता येतो, किस्से मात्र जागचे हलत नाहीत! आमच्या अमरावतीच्या कारखान्यातले हे काही.

आम्ही टेबलांवर, दुकानांच्या काउंटरवर विनियर चढवायचो. विनियर म्हणजे उंची लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. तो सुरीने कापायचा, गरम सरसाने फळीवर चिकटवायचा आणि बाहेर राहिलेली कड तासायची. कापणं-तासणं नामदेवदादांचं, सरस रसूलभाईंचा. कारण सरस जनावराच्या चामड्याचा आणि दादा माळकरी! तीस वर्षांत त्यांनी सरसाला बोट लावलं नव्हतं.

*

दादांनी घरासाठी देव्हारा केला. सरस नाही, नुसत्या खाचा आणि लाकडी खुंट्या. रसूलभाईंनी तो हलवून पाहिला. तसूभर हलला नाही.

"दादा, सरसाशिवाय इतकं पक्कं होते, तं मालक मले कावून पोसून राहिले?"

"देवाचं भागते रे. आमचं नाई भागत तुह्याशिवाय!"

रसूलभाई दिवसभर खुशीत होते.

*

एका वकीलसाहेबांचं धोतर जुन्या टेबलाच्या कडेला अडकायचं. आम्ही नवं टेबल घेऊन गेलो, तर म्हणाले, "कड गुळगुळीत आहे कशावरून?"

"गाल घासून पाहा नं साहेब!" दादा म्हणाले. ते स्वतः तसंच तपासायचे.

साहेबांनी खरंच वाकून, डोळे मिटून कडेवर गाल टेकला. तेवढ्यात दारात पक्षकार! तो पार घाबरला.

"साहेब, हारलो काय आपुन?"

*

पुढे दादांना नीट दिसेनासं झालं. एका सकाळी खुंटीवरच्या मालकांच्या काळ्या कोटाला ते म्हणाले, "रामराम वकीलसाहेब, बसा नं!"

आम्ही हसलो. रसूलभाई हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते लवकर यायचे आणि विनियरवरची पेन्सिलीची रेघ टोच्याने कोरून ठेवायचे. दादा बोटाने रेघ शोधायचे, पट्टी लावायचे, कापायचे. मालकांना कुणी कळू दिलं नाही. एकदाच दादा म्हणाले, "रसूल, आजकालची पेन्सिल लय टोकदार येते गड्या!"

*

शेवटी मालकांच्या कानावर गेलंच. अकोल्याच्या एका कापडदुकानाच्या काउंटरचं काम होतं. लढाई चालू होती, बाहेरचा माल बंद, विनियरचा एकच तुकडा शिल्लक. मालकांनी स्वतः त्यावर पेन्सिलीने बारीक रेघ मारली.

"दादा, माह्यासमोर कापा. चुकलं तं उद्यापासून घरी आराम करा."

घरी होतं कोण? बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांचं जे काही होतं ते त्या छपराखालीच.

दादांचं बोट पापुद्र्यावर फिरत राहिलं. रेघ सापडेना. सगळ्यांचे रंधे थांबले.

रसूलभाई सरसाचं भांडं घेऊन पुढे आले. "मालक, पापुद्रा सरकून राहिला. टोकाले सरस लावतो." रेघेच्या दोन्ही टोकांना एकेक ठिपका देऊन ते मागे झाले.

दादांचं बोट पहिल्या ठिपक्यावर येऊन अधांतरी थांबलं. सरसाची ऊब लागली असावी. दुसरा हात गळ्यातल्या माळेवर गेला. मग त्यांनी बोट टेकवलं. एक ठिपका, मग दुसरा. पट्टी बसवली आणि सुरी एकदाच ओढली.

मालकांनी वाकून पाहिलं. सुरी रेघेवरून केसभरही ढळली नव्हती. मान डोलावून ते निघून गेले.

विहिरीपाशी रसूलभाईंनी दादांच्या हातावर कोमट पाणी ओतलं. मान वर होईना त्यांची.

"माफ करजा दादा. माह्यापायी बोटाले सरस लागला तुमच्या."

दादांनी बोट डोळ्यांजवळ नेलं, उलटसुलट करून पाहिलं.

"कुठं रे? मले तं काईच दिसून नाई राहिलं!"