काचेला लावलेला डोळा

"डोळा काढ आधी. काढ म्हणतो ना!"

साहेबांनी कॉलर धरून मला मागं ओढलं. रुमाल काढून लेव्हलची, म्हणजे पातळी मोजायच्या यंत्राची, काच पुसली. तिच्याभोवतीची पितळी कडी पुसली. मग रुमालच फेकून दिला. माझं आडनाव त्यांनी सकाळी विचारून घेतलं होतं.

तिसगावजवळ पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत कामावर शिकायचं आणि साहेबांच्या सहीचा दाखला कॉलेजात द्यायचा. त्याशिवाय परीक्षा नाही, नोकरी तर नाहीच.

"तू पट्टी धर," साहेब म्हणाले. "तुमच्या लोकांना उन्हाची सवय असते."

माझ्याच वर्गातला त्यांचा भाचा छत्रीखाली उभा राहून काचेतून बघायचा. मी लांब, आकड्यांची उंच पट्टी सरळ धरून. त्याच कामावर माझी आई माती वाहत होती. टोपलं घेऊन जाताना ती माझ्याकडं बघायची नाही. मला लाज वाटेल म्हणून.

एका दुपारी साहेब तिच्यावर ओरडले, "ए बाई, लांबनं जा. सावली पडते यंत्रावर."

ऊन डोक्यावर होतं. सावल्या पायाखाली. आईनं टोपलं सावरलं. डोक्यावर माती घेऊन सगळ्या खड्ड्याला वळसा घालून गेली. पुढच्या खेपेलाही तशीच.

मी पट्टी खाली ठेवली. आडवी, मातीत. सरळ यंत्राकडं चालत गेलो. भाचा बाजूला झाला. साहेब लिंबाखालून उठून शिव्या देत येत होते. मी दुर्बीण त्यांच्याकडं वळवली आणि डोळा लावला.

जुन्या यंत्रात सगळं उलटं दिसतं, हे पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी पाहिलं. पाय वर, टोपी खाली. साहेब डोक्यावर चालत माझ्याकडं येत होते. जवळ येऊन धूसर झाले, तरी मी डोळा काढला नाही.

"दाखला विसर," ते म्हणाले. "आणि उद्यापासून तुझ्या आईचं नाव हजेरीच्या मस्टरवर नाही."

घरी जाताना आईनं विचारलं, "काय दिसलं रं आतनं?"

"सायब. उलटा. डोकं खाली."

"आन् टोपी पडली न्हाई व्हय?"

ती हसली. तिचं ते शेवटचं हसणं मला आठवतं.

आईला मिळालेलं दुसरं काम फार लांब होतं. ती पायी जायची. एका दुपारी वाटेतच घेरी येऊन पडली, ती उठली नाही. आम्ही तिला मूठमाती दिली तेव्हा साहेब त्याच तलावावर होते. छत्रीखाली.

दाखला मी केडगावच्या एका ठेकेदाराकडं राबून मिळवला. परीक्षा पास होईन. साहेबांच्याच खात्यात शिरेन, त्यांच्या वर चढेन. वर्षं लागतील. लागू देत.

त्यांच्या तलावाची पातळी तपासायला एक दिवस मी येईन. काचेला माझा डोळा असेल. पट्टी साहेबांच्या हातात, भर उन्हात.

खाली ठेवा, असं मी म्हणणार नाही.