दिवसांची वर्गणी

नोकरीत हाताखालून गेलेले दरोडे, घरफोड्या, मारामाऱ्या आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. कुठला चोर कुठल्या गावचा, हे आठवायला बसलो तर अर्धा दिवस जातो. पण निपाणीला फौजदार असतानाची एक केस झोपेतसुद्धा जशीच्या तशी समोर येते. गंमत म्हणजे घडत होती तेव्हाही ती मला अर्धवट झोपेत पाहिल्यासारखीच वाटत होती.

काळ इंग्रजी अमदानीचा, दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा. थंडीचे दिवस होते. शेतांत तंबाखू उभा होता आणि सकाळी धुकं एवढं पडायचं, की ठाण्याच्या पायरीवरून समोरचं पिंपळाचं झाड दिसत नसे. हजेरी घेऊन, रात्रीच्या गस्तीचा जबाब ऐकून मी चहाची वाट पाहत होतो. तेवढ्यात तंबाखूची दलाली करणारे एक गृहस्थ आत आले. आमच्याकडे फुकट कुणी येत नाही, त्यामुळे मी आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावर उपकार करायला आल्याचा भाव होता.

"साहेब, एका गावात सरकारचा पगार भूत खातंय," ते म्हणाले.

"भुताला पकडायचं खातं माझ्याकडं नाही. नीट सांगा."

त्यांनी चिकोडीच्या अंगाला असलेल्या एका खेड्याचं नाव घेतलं. तिथं लोकल बोर्डाची एकशिक्षकी शाळा होती. "त्या शाळंत मास्तर न्हाय, साहेब. मास्तराचा कोट हाय. आज तो कोट उंच माणसाच्या अंगात असतोय, उद्या बुटक्याच्या. नाव विचारलं तर समदे एकच नाव सांगत्यात. पोरं पण त्येच सांगत्यात. सारा गाव सामील हाय."

मला हसू आलं. मग त्यांना विचारलं, "आणि तुमचा यात काय फायदा?"

आधी ते 'देशाचं नुकसान' वगैरे बोलले. दोनदा विचारल्यावर खरं निघालं. त्यांचा पुतण्या व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मास्तरकीला लागणारी सातवीची परीक्षा, पास होऊन दोन वर्षं घरी बसला होता. ती जागा रिकामी झाली तर त्याची सोय होणार होती. चुगली करणाऱ्याचा हेतू खराब असला म्हणून चुगली खोटी ठरत नाही, हे मी फार लवकर शिकलो होतो. दुसऱ्याचं नाव लावून सरकारी पगार उचलणं म्हणजे सरळसरळ तोतयेगिरी. मी जमादाराला घोडी काढायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी उजाडता आम्ही त्या गावाशी पोचलो. धुक्यातून आधी तंबाखूचा उग्र वास आला, मग कुत्र्यांचं भुंकणं, आणि मग हळूहळू शाळेची कौलं दिसू लागली. दाराशी एक वयस्कर, हडकुळा माणूस खुंटीवरचा काळा कोट काढून अंगात घालत होता. कोट त्याला चांगला दोन माणसांचा होत होता. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती. चार-दोन पोरं आली होती, म्हणून मी आवाज चढवला नाही. "मास्तर, जरा चावडीपर्यंत चला," एवढंच म्हणालो. ते काही न विचारता निघाले.

चावडीत पोलीस पाटील आधीच हात जोडून उभा. मी विचारायच्या आत तो म्हणाला, "हेच आमचं मास्तर, साहेब." चोराच्या मनात चांदणं! मी त्याला बाहेर बसवलं आणि चौकशी सुरू केली.

त्या गृहस्थांनी नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. जन्मगाव, शिक्षण, पहिली नेमणूक, बदल्या, सगळं घडाघडा. कुठं अडखळले नाहीत. एवढं सरळ बोलणारा माणूस मला नेहमीच संशयास्पद वाटतो, कारण आपलं स्वतःचं आयुष्य इतक्या ओळीनं कुणालाच आठवत नाही. जमादार कानाशी लागला, "साहेब, पाठ केलंय ह्येनं. दोन लावू का?"

"मास्तर माणसाला? गप बस," मी म्हणालो. मारून मिळवलेलं खरं कोर्टात टिकत नाही, आणि म्हाताऱ्याकडं पाहून माझाही हात उठला नसता.

मी पाटलाच्या घरून चहा मागवला. चहा पिताना माणूस सैल होतो. इकडचं तिकडचं बोलत सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"बायको आणि दोन पोरी."

"बायकोचं नाव?"

म्हाताऱ्यांचा पेला तोंडाशी थांबला. त्या काळी नवरे बायकोचं नाव सहसा घेत नसत, म्हणून मी चेष्टा केली, "लाजू नका मास्तर, हवं तर उखाण्यात घ्या!" जमादार खो खो हसला.

म्हातारे हसले नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला. तो काळा कोट अंगातून काढून त्याची घडी घातली आणि समोर ठेवली. मग दोन्ही कान धरले.

"साहेब, आता मला बेडी घाला. नाव मी खोटं सांगितलं, सही खोटी केली, त्याचं मला काय वाटलं न्हाय. पण ती माउली मला अण्णा म्हणती. भाऊबीजेला ओवाळती. तिचं नाव माझी बायको म्हणून ह्या तोंडातनं न्हाय यायचं."

आणि ते रडू लागले. मी खूप कबुलीजबाब घेतले, पण असा जबाब पुन्हा कधी घेतला नाही. मी उगीच जमादारावर ओरडलो, "बघतोस काय? लिहून घे!"

हकीकत अशी. खरे मास्तर क्षयानं अंथरुणाला खिळले होते. त्यांची होती नव्हती ती सगळी रजा संपली होती. नोकरी गेली तर पगार जाणार, औषध बंद होणार. त्यात तालुक्यातल्या शिक्षकांच्या संघाचा एक नियम होता. सभासद नोकरीवर असताना वारला, तर प्रत्येक सभासदानं त्याच्या घरी रुपया पोचवायचा. पण नोकरी गेली की सभासदत्व गेलं, आणि घरच्यांचा हक्कही गेला. म्हणजे मास्तर जगले तरी आणि मेले तरी त्या तीन बाया उघड्यावर येणार होत्या.

"मग संघानं ठरवलं," म्हातारे म्हणाले, "आण्यांची वर्गणी देतोच, आता दिवसाची पण द्यायची. ज्येनं त्येनं आपल्या किरकोळ रजेतला दिवस काढायचा आणि हितं येऊन शाळा चालवायची. कोण उचगावाकडनं येतोय, कोण रात्री बेळगावास्नं गाडीत बसतोय. एवढ्या लांबच्यांना आम्ही न्हाय सांगितलेलं. ऐकून आपणहून आलेत."

"आणि कोट?"

"पोरांनी घोटाळा करू न्हाय म्हणून. कोट असंल तो मास्तर. पोरांस्नी एवढंच सांगितलंय."

मी म्हाताऱ्यांना जमादाराच्या ताब्यात ठेवलं. कबुली दिलेल्या माणसाला पुन्हा तोच कोट घालून शाळेत पाठवणं मला शक्य नव्हतं. कायदा म्हणजे कायदा. खऱ्या मास्तरांचा जबाब घेणं भाग होतं, म्हणून पाटलाला पुढं घालून मी निघालो.

गावातल्या एका जैन शेतकऱ्यानं मळ्यातली आपली खोप त्यांना राहायला दिली होती. रोग गावात पसरू नये आणि हवा मिळावी, म्हणून. तंबाखूच्या दोन वावरांच्या मधून पायवाट होती. रुंद पानांवरचं दव माझ्या पायपट्ट्यांना लागत होतं. धुकं विरळ होत होतं, ऊन मात्र पडत नव्हतं. आपण चालतो आहोत की नुसते तरंगतो आहोत, असा भास होत होता. आजूबाजूला इतकी शांतता होती की मला माझाच श्वास ऐकू येत होता.

खोपीच्या दारात एक बाई धान्य पाखडत होती. माझा पोशाख पाहून तिच्या हातातलं सूप थांबलं. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि बाजूला झाली. आत बाजेवर मास्तर पडले होते. वय फार नसावं, पण अंगावर हाडं आणि डोळेच उरले होते. मी कोण, कशाला आलो, हे सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"साहेब, आज पाढे ऐकू आले न्हाईत."

मला कळेना. बाईंनी दारातूनच सांगितलं, "वारा हिकडचा असला की शाळेतली पोरं म्हणत्यात ते हितं ऐकू येतंय. त्येंचा दिवस त्याच्यावरच निघतोय."

मास्तर कोपरावर उठायला लागले. "शाळा भरली न्हाय का? कोण यायचा होता आज? काय झालं त्येला?" त्यांना खोकल्याची उबळ आली. बाईंनी धावत येऊन पाठीवर हात ठेवला. स्वतःची नोकरी, अटक, बदनामी, कशाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. शाळा का भरली नाही, एवढंच. आणि शाळा भरली नव्हती ती माझ्यामुळं. त्या दिवसाचा मास्तर चावडीत माझ्या जमादारापुढं बसला होता.

"भरते आहे शाळा," मी म्हणालो. "जरा उशीर झालाय. तुम्ही पडून राहा."

त्याच पायवाटेनं मी परत शाळेकडे आलो. पाटील मागून "साहेब, साहेब" करत पळत होता. शाळेत गेलो तर पोरं ओळीनं मांडी घालून गप्प बसली होती. कुणी घरी गेलं नव्हतं. मी दारातून आत वाकलो तशी सगळी उभी राहिली. "नमस्कार, मास्तर!"

"मी मास्तर नाही, फौजदार आहे," मी दरडावून म्हणालो.

"व्हय मास्तर," पुढच्या ओळीतली एक पोरगी म्हणाली. "काल निमकी झालती. आज पाऊणकी हाय."

मी टोपी काढून खिडकीत ठेवली. पट्टा आवळून उभा राहिलो आणि पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा, सांगायला लागलो. सुरुवात ठीक झाली, पुढं गाडी अडली. काय करणार, चोर पकडायला पाऊणकी लागत नाही! पण पोरांनी ती माझ्या हातून घेतली आणि पुढं नेली. मी मळ्याच्या अंगाची खिडकी सताड उघडली आणि ओरडलो, "असं मेल्यावानी काय म्हणताय? जोरात म्हणा! त्या मळ्यापलीकडं ऐकू गेलं पाहिजे!" पोरांना एवढंच हवं होतं. त्यांनी कौलं हलतील असा आवाज लावला. खिडकीबाहेर धुकं, त्याच्यापलीकडं काहीच दिसत नव्हतं, आणि मी, पोलीस खात्याचा माणूस, बेंबीच्या देठापासून त्यांच्याबरोबर ओरडत होतो. शाळा सुटेपर्यंत मी तिथून हललो नाही.

रिपोर्टात मी काही लपवलं नाही. कोण आलं, कुणाच्या नावानं सही केली, का केली, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं की बोर्डाच्या या शाळेत तपासात एकही दिवस शिकवणं बंद राहिल्याचं आढळलेलं नाही. जमादार मान तिरकी करून वाचत होता. "आणि कालचा दिस, साहेब?" "काल मी होतो की," मी म्हणालो. तोही त्यानं लिहून घेतला.

वरच्या साहेबांनी मला बोलावून चांगलं फैलावर घेतलं, ते सांगत बसत नाही. खटला झाला नाही, म्हातारे सुटले आणि प्रकरण बोर्डाकडे गेलं. बोर्डानं सगळ्यांना ताकीद दिली, मास्तरांना बिनपगारी रजा मंजूर केली आणि बदली माणूस दिला. पगार गेला, पण नाव पटावर राहिलं. औषधाचं पुढं संघानं पाहिलं.

होळीच्या आधी एका सकाळी तेच म्हातारे मास्तर ठाण्यात आले. बाकावर बसले, घाम पुसला. "गेले," म्हणाले. "पण नोकरीत गेले, साहेब. आमची माणसं आजच घरोघर फिराय लागल्यात. त्या माउलीचा हक्क पोचंल."

मी विचारलं, "आज शाळेत कोण गेलंय?"

"आज कोण न्हाय, बदली मास्तरपण आमच्यासंगं फिरतोय," ते म्हणाले. "आज पयल्यांदाच बंद हाय."

माणूस खोटं बोलतो तेव्हा तो कशासाठी बोलतो, हे शोधायला खात्यानं मला शिकवलं. कुठल्या खोट्यापाशी त्याची जीभ अडते तेही पाहावं, हे त्या म्हाताऱ्यांनी शिकवलं. पुढच्या सगळ्या नोकरीत मला त्याचा उपयोग झाला. मात्र त्या सकाळी हे काही डोक्यात नव्हतं. मी त्यांच्यासाठी चहा मागवला, आणि तो पिऊन ते वर्गणीच्या फेरीला निघाले.