बाईंच्या ट्रंकेतली कुलपं

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी खिशातल्या किल्लीकडे जातो. किल्ली साधीच, बाजारातली, पितळी. खात्यात तीस वर्षं काढली, खून पाहिले, दरोडे पाहिले. पण भर दुपारी छाती जशी धडधडली ती या किल्लीपायी, आणि तीही कुणाचा पाठलाग करताना नव्हे, एका शिक्षिकेच्या ओसरीवर बसून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंदापूर तालुक्यातल्या एका दूरक्षेत्राचा, म्हणजे ठाण्याच्या हाताखालच्या लहानशा चौकीचा, मी फौजदार होतो. दिमतीला एक हवालदार, दोन शिपाई आणि ढकलल्याशिवाय चालू न होणारी जीप. निमगाव केतकी आणि वालचंदनगरच्या मधलं ते गाव. दाराला नुसती कडी घालून माणसं दिवसभर उसात असायची. बारामतीकडे घरफोड्या होताहेत अशी आवई उठली आणि मला चेव आला. जीपवर भोंगा बांधून मी गल्लोगल्ली फिरलो. घराला कुलूप लावा, नाहीतर चोरी झाल्यावर चौकीची पायरी चढू नका, असं दरडावलं. हे बोलणं कुठल्याच नियमात बसत नव्हतं, पण वय तरुण होतं आणि वर्दी नवी होती.

लोकांनी ऐकलं, हीच तर पंचाईत झाली. पुढच्या बाजाराच्या दिवशी गावातल्या बायका मिळून निमगावला गेल्या. बाहेरगावचा एक फेरीवाला फडक्यावर पिवळीधमक कुलपं मांडून बसला होता. सगळ्यांनी एकदम घेतली म्हणून त्याने भाव पाडून दिला. मीही चौकीतल्या मुद्देमालाच्या कपाटासाठी त्यातलंच एक मागवलं. दारोदारी ती कुलपं चमकायला लागली तेव्हा मला कोण अभिमान वाटला.

पुढच्या तीन आठवड्यांत तीन चोऱ्या झाल्या. तिन्ही भरदुपारी, घरची माणसं रानात असताना. कुलूप जागच्या जागी, नीट बंद. आतली पेटी मात्र रिकामी. तिसऱ्या घरात तर मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं आणि तिचं सगळं डोरलं-बोरमाळ गेलं होतं. पंचनाम्यात 'कुलूप सुस्थितीत' असं लिहिताना हवालदार माझ्याकडे बघायचा आणि मी दुसरीकडे. आम्ही घरोघर जबाब घेतले. कुलूप फोडताना कुणाला पाहिलं का, हा एकच प्रश्न. सगळ्यांचं एकच उत्तर. तिसऱ्या घरासमोर दिवसभर चिंचा फोडत बसणाऱ्या आजीही म्हणाल्या, "न्हाय बाबा, फोडताना कुनी न्हाय दिसलं."

शनिवारी सकाळी खबर आली. गावातला पीठगिरणीवाला स्वतः चौकीत आला, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, शाळेतल्या बाईंच्या घरी कुलपांनी भरलेली ट्रंक आहे, त्या किल्लीशिवाय कुलपं उघडतात, आणि त्याला छंद म्हणतात. माझ्या अंगावर काटा आला. चहा मागवून मी त्याला आग्रहाने पाजला. अशी खबर हाती लागली की पोलिसाला भूक लागत नाही, तहान लागत नाही, आणि खरं सांगायचं तर अक्कलही लागत नाही.

बाई पन्नाशी उलटलेल्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. बाईमाणूस म्हणून बारामतीहून महिला शिपाई बोलावून घेतली आणि चौकशी त्यांच्याच घरी सुरू केली. ट्रंक निघाली. साठ-सत्तर कुलपं होती. गोदामाची, सायकलची, जुन्या पेट्यांची, एक तर नारळाएवढं. शेजारी कापडात गुंडाळलेल्या, कानशीने घासलेल्या सायकलच्या तारा. मी मनातल्या मनात बक्षिसाचा अर्जसुद्धा लिहून टाकला. ग्रामपंचायतीच्या फोनवरून ठाण्यातल्या साहेबांना कळवलं. ते म्हणाले, हत्यारं मिळाली, आता वाट कसली बघता, दिवस मावळायच्या आत अटक दाखवा.

सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिला की निलंबित होतो. हे बाईंना माझ्याइतकंच ठाऊक होतं. ओसरीबाहेर जीपभोवती अर्धं गाव जमलं होतं, त्यात त्यांचेच विद्यार्थी आणि विद्यार्थ्यांचे आईबाप. हा नाद कशासाठी, असं मी जरा कडक आवाजात विचारलं. शाळेत शुद्ध बोलणाऱ्या बाई त्या दिवशी माहेरच्या बोलीवर आल्या.

"आमचा बाप मेंढरं राखायचा, साहेब. आमच्या बिऱ्हाडाला दारच नसायचं. मेंढरांना वाघरीचं जाळं, राखणीला दोन कुत्री आन एक जागं मानूस. बोर्डिंगात गेले तवा पहिल्यांदा कुलूप बघितलं. मला वाटलं, येवढ्याशा डबीला कळतं तरी कसं, आपला कोन आन परका कोन?"

मी जप्त केलेली तिन्ही कुलपं पुढे ठेवली आणि म्हणालो, उघडून दाखवा. हा सापळा होता. उघडली तर तोच पुरावा. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांना सापळा दिसला होता हे मला कळलं. तरीही त्यांनी तार उचलली. पहिलं कुलूप दोन मिनिटांत उघडलं. हवालदाराने लगेच लिहायला घेतलं. दुसरं उघडलं आणि बाई थांबल्या. तिसरं उघडायच्या आधी त्यांनी माझी बॅटरी मागितली, तिन्हींच्या भोकांत पाहिलं आणि बॅटरीसकट कुलपं माझ्या हातात दिली. तारेने उघडलेल्या दोन्ही कुलपांत ताजे बारीक ओरखडे दिसत होते. तिसरं आतून कोरं होतं.

"म्हंजी माझ्या आधी ह्या तिसऱ्यात कुनी तार घातलेली न्हाय," त्या म्हणाल्या. "आन तारंला दोन्हींचं पोट एकच लागलं. किल्ल्या कुटं हाईत?"

मालकांच्या किल्ल्या मुद्देमालात दोऱ्याने बांधून ठेवल्या होत्या, त्या चौकीतून आणवल्या. बाईंनी पहिल्या घराची किल्ली दुसऱ्या घराच्या कुलपाला लावली. खट. तिसऱ्याला लावली. खट. मी उभाच राहिलो. हवालदार धावत घरी गेला आणि आपल्या दाराचं कुलूप काढून घेऊन आला. त्याच किल्लीने तेही उघडलं. बिचाऱ्याने कुलूप हातात धरून खालीच बैठक मारली.

माझ्या भोंग्याने गावाला घाबरवलं होतं, घाबरून गावाने एकगठ्ठा कुलपं घेतली होती, आणि फेरीवाल्याने एकाच किल्लीचा माल गळ्यात मारला होता. चोराला हुन्नर लागलाच नव्हता. त्याच्याकडे किल्ली होती, आणि तीच किल्ली गावात जिकडेतिकडे होती.

पण मग चोर कोण? ऊन उतरायला लागलं होतं. साहेबांचा दुसरा निरोप आला होता. मी ओसरीवर येरझाऱ्या घालत होतो. बाईंनी विचारलं, तुम्ही लोकांना नेमकं काय विचारलंत? मी सांगितलं.

"कुलूप फोडलंच न्हाय, तर फोडताना कोन दिसंल?" बाई म्हणाल्या. "उघडताना कोन दिसलं, ते इचारा."

मी पळत सुटलो. फौजदाराने गल्लीतून असं पळू नये, पण पळालो. आजी चिंचा फोडतच होत्या. धापा टाकत विचारलं, चोरीच्या दिवशी समोरचं कुलूप कुणी उघडलं होतं का?

"गिरनीवाला की," आजी म्हणाल्या. "चांगला किल्ली लावून आत गेला, पिशवी घिऊन भायेर आला. दळान पोचवाया आला आसंल. किल्ली हाय म्हंजी घरच्यांनीच दिली आसनार."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तुमी कुटं इचारलं?"

वाचकांनी गिरणीवाल्याला केव्हाच ओळखलं असेल. मी ओळखलं नव्हतं, मी तर त्याला चहा पाजला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा गिरणी चालू होती. कोंड्याच्या डब्यात दोन घरांचं सोनं निघालं आणि तळाशी फडक्यात बांधलेलं त्या नवरीचं डोरलं. दहा मिनिटांत तो कबूल झाला. दळण ठेवायला आलेली एक बाई किल्ली वजनकाट्यावर विसरून गेली होती. ती हुबेहूब आपल्या किल्लीसारखी दिसली म्हणून त्याने आपल्या कुलपाला लावून पाहिली. पुढचं सगळं त्याच्या हातात आयतंच आलं.

मी बाईंच्या घरी परतलो, तारा परत केल्या, चूक झाली म्हणालो. वाटलं होतं, त्या सुटकेचा श्वास टाकतील.

"सोनं घावलं, ब्येस झालं," त्या म्हणाल्या. "पन साहेब, आधी दारं उघडी हुती तर ज्येची-त्येची नजर शेजाऱ्याच्या दारावर असायची. कुलपं आली आन लोकांनी बघायचं सोडलं. माझ्या दारातली तुमची जीप मातर सगळ्यांनी बघितली. आता सोमवारी मी वर्गात कशी जाऊ?"

नोकरीत इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

सोमवारी शाळा भरायच्या वेळी मी जीपवर पुन्हा भोंगा बांधला. त्याच गल्ल्या, तोच आवाज. चोर बाईंनी पकडून दिला, संशय घेण्यात चूक माझी होती, आणि एकाच किल्लीने उघडणारी कुलपं गावात माझ्यामुळे आली, हे सगळं जाहीर सांगितलं. मुद्देमालाचं कपाटसुद्धा त्याच किल्लीने उघडतं, हेही सांगून टाकलं. लोक पोट धरून हसले. हवालदार जास्तच हसला. बाई शाळेच्या फाटकाशी थांबून शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग त्यांनी पदर सावरला आणि पोरांना रांगेत घेऊन त्या वर्गात गेल्या.

या गुन्ह्याने मला दोन गोष्टी शिकवल्या. साक्षीदार खोटं बोलत नसतो, आपण प्रश्न चुकीचा विचारलेला असतो. आणि कुलूप हे नुसतं निमित्त, खरी राखण शेजाऱ्याच्या नजरेची.

चौकीच्या कपाटाला नवं कुलूप आलं तेव्हा जुन्याची किल्ली मी ठेवून घेतली. गावानेही कुलपं बदलली, त्यामुळे ती आता कुठल्याच दाराला लागत नाही. मी हल्ली बारामतीत राहतो. बाहेर पडताना घराला चांगलं मजबूत कुलूप लावतो, खिशातली ही किल्ली चाचपतो, आणि समोरच्या शेजाऱ्यांच्या दाराची कडी वाजवून सांगतो, "वहिनी, जाऊन येतो. किल्ली घेऊन कुणी आला, तरी कोण म्हणून विचारा."