डाव्या खांद्यावरचं फूल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माहेरी नाही, नवऱ्याला तर नाहीच. चौथीपर्यंत शिकले म्हणून लिहिता येतं — नाहीतर माझ्याबरोबरच गेलं असतं. हे जो कुणी वाचशील, त्या तुला सांगते.

आम्ही महाडचे गुरव. घरामागे देवीची राई होती. भोवतालची झाडी कोळशाच्या भट्ट्यांत गेली, पेठ वाढत आली. किंजळ, सातवीण, गारंबीचे वेल तेवढ्या तुकड्यात उरले. त्यांच्या मुळाशी झरा. साऱ्या आळीचं पाणी तिथलं. राईतली वाळकी काटकीही देवीला विचारल्याशिवाय कुणी उचलत नसे.

आणि मला — मला त्या राईची भीती वाटायची. भर दुपारी तिथे अंधार. हंडा भरताना वाटे, पाठीमागे कुणी उभं आहे. हसतील म्हणून बोलले नाही. एवढंच कारण. याहून मोठं काही असायला नको होतं का?

मोटारी सुरू झाल्या. मोटारतळासाठी एका ठेकेदाराने राई मागितली, बदल्यात आळीत विहीर बांधून देतो म्हणाला. गावाने कौल लावायचं ठरवलं. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची — उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सासऱ्यांना दिसत कमी होतं, म्हणून फुलं मी हातात द्यायची. ते उजवं आधी लावत. दुसऱ्या फुलाला मी... मी भाताची घट्ट पेज लावून दिली.

उजवं पडलं.

होळीच्या आत राई भुईसपाट झाली. चैत्रात झरा आटला, नवी विहीरही कोरडी. बायका हंडे घेऊन सावित्री नदीवर जाऊ लागल्या. सुईण बाळंतिणीसाठी सातविणीची साल न्यायला आली, नुसती उभी राहिली, परत गेली. गुरवाने देव विकला, असं लोक सासऱ्यांच्या तोंडावर म्हणत. मी ऐकत होते. दाराआड उभी राहून सगळं ऐकत होते.

त्यांनी पुन्हा कौल लावला नाही. अंथरुणाला खिळल्यावर एकदाच मला विचारलं, "डावं फूल सांजपर्यंत हाललं नाय. असं कधी झालंय का गो?"

तोंड उघडायची वेळ तीच होती ना?

"देवीची मर्जी, मामंजी," मी म्हटलं.

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. जन्मभर जिची पूजा केली, तिचं नाव त्यांनी मरताना घेतलं नाही. रुसून गेले — तिच्यावर.

पेज मी लावली होती.