कानसेनाने निवडलेली चार चाकं

टायरच्या दुकानातल्या माणसाला लोक हातांवरून ओळखतात. काळे पडलेले पंजे, नखांत कायमचं बसलेलं रबर, मनगटावर जुन्या खरचटण्याच्या रेघा. कानसेनाचे हातही तसेच होते, पण नाव झालं ते कानांचं. कुणाला गाडीसाठी जुनी, वापरलेली चाकं घ्यायची असली की आधी त्याला बोलावणं जायचं. टायर काढलेलं नुसतं चाक, म्हणजे रिम, तो मधल्या भोकात हात घालून अधांतरी धरायचा आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने तिच्या कडेला टिचकी मारायचा. मग मान तिरकी करायची, डोळे मिटायचे. धड रिम घंटेसारखी लांबवर वाजत राहते. कुठे तडा गेलेला असला तर आवाज घशातच अडकतो. पहिलीला तो म्हणायचा, "गातेय." दुसरीला, "खोकतेय." झालं. त्यापुढे कुणी वाद घालत नसे.

ही खोड त्याला इतकी लागलेली होती की घरात, दारात, कुठेही बोटं वाजवत बसायचा. लग्नानंतर सासरी पहिल्यांदा गेला तेव्हा चहाचा कप हातात आल्याबरोबर त्यावर टिचकी मारली आणि सासऱ्यांना म्हणाला, "हा खोकतोय." सासऱ्यांना वाटलं कुणाला तरी वारा बाधतोय, आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. कपाचा कान त्याच संध्याकाळी गळून पडला. बायको ती गोष्ट अजून रंगवून सांगते. "माणसं बघायची सोडून कपबशा तपासत होते," म्हणते, "माझी तपासणी झाली नाही हे नशीब. मी तेव्हा सर्दीने बेजार होते."

पण अलीकडे ती गोष्ट सांगताना तिचा आवाज वर चढायचा, कारण ज्याची गोष्ट तो पलीकडच्या खुर्चीत नुसताच हसत बसलेला असायचा आणि नेमकं कुठे हसायचं ते चुकायचं.

कानसेनाचे कान गेले होते. एकदम नाही. नट खोलायची हवेची गन वर्षानुवर्षं कानाशी तडतडली, हवा भरायचा कॉम्प्रेसर दिवसभर धडधडला, आणि बारीक आवाज एकेक करून निघून गेले. आधी फोनची घंटी गेली. मग चहा उकळल्याचा आवाज गेला. मग एके दिवशी त्याने रिमवर टिचकी मारली, आणि ती वाजलीच नाही. त्याने पुन्हा मारली. समोरचं गिऱ्हाईक वाट बघत होतं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की रिम धरलेल्या बोटांना झिणझिण्या येतायत, आणि त्या बराच वेळ टिकल्या. तो म्हणाला, "गातेय." गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

त्या दिवसापासून तो बोटांनी ऐकायला लागला. झिणझिणी लांबली तर गातेय, तुटक आली तर खोकतेय. डोळे मिटणं आणि मान तिरकी करणं तेवढं तसंच चालू ठेवलं, नाहीतर लोकांना कळलं असतं.

"अहो, किती ओरडताय! मी काय नदीपलीकडे उभी आहे?" बायको म्हणायची.

"मी कुठे ओरडतोय?"

"एकदा डॉक्टरला दाखवा म्हणते मी."

"डॉक्टर काय करणार? नवा कान बसवून वर हवा भरून देणार?"

यावर ती हसायची आणि विषय तिथेच राहायचा. दुकानात कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. लेकीला तर नव्हतंच.

आणि आता चाकं हवी होती ती लेकीलाच.

लेक याच दुकानात टायरांच्या चळतींवर उड्या मारत वाढली. शिकली, नोकरीला लागली, आणि पहिली हौस कसली केली तर गाडीची. दोन दारांची, बुटकी, जमिनीला पोट टेकेल अशी स्पोर्टी गाडी. तिच्या आईच्या मते त्या गाडीत बसायचं म्हणजे घमेल्यात बसायचं. गावाबाहेर विमानं उतरायची बंद झालेली एक धावपट्टी होती, तिथे सुट्टीच्या दिवशी अशी हौशी मंडळी जमून गाड्या पळवत. लेकही जायची. सरळ रस्त्यावर तिला गंमत वाटत नसे, वळणावर वाटायची. आणि वळणावर गाडीचं सगळं ओझं बाहेरच्या बाजूच्या चाकांवर येतं. तिथे रिम तडकली तर पुढे काय होतं, ते कानसेनाला कुणी सांगायची गरज नव्हती.

"बाबा, मोठी चकचकीत चाकं मला नकोत," ती म्हणाली. "हलकी हवीत. हलकी आणि रुंद. टायर मऊ रबराचे घेऊ, रस्त्याला चिकटून राहणारे. नवी रिम परवडत नाही, जुनी बघू. तुम्ही आहातच की."

तुम्ही आहातच की! कानसेनाने आपल्या बोटांकडे पाहिलं. पण तोंडातून निघालं, "आहेच मी. उद्याच जाऊ."

मोडीच्या बाजारात एका भंगारवाल्याकडे तशी चार चाकं होती. कसल्याशा महागड्या गाडीची, बारीक काड्यांची, राखाडी रंगाची. नटांची भोकं जुळत होती, मधला घेर जुळत होता, रुंदी मनासारखी होती. लेकीचे डोळे चमकले. दर्शनी बाजूला रंगाचा ताजा वास येत होता. तो वास कानसेनाला आवडला नाही. ताजा रंग म्हणजे कुणीतरी काहीतरी झाकलेलं असू शकतं, किंवा भंगारवाला नुसताच टापटिपीचा असू शकतो.

"वाजवा, वाजवा," भंगारवाला म्हणाला. "तुम्ही पास केलं म्हणजे मला पण दोन पैसे वर सांगता येतात."

पहिली रिम वाजवली. बोटांत झिणझिणी लांबवर गेली. दुसरी, तशीच. तिसरीही बरी वाटली. चौथी उचलली आणि शेजारच्या अंगणात कुणीतरी एका मोडक्या गाडीचा सांगाडा कापायला घेतला. कापायचं यंत्र जमिनीवर असं काही थरथरत होतं की ती थरथर पायातून वर चढून हातात आली. कानसेनाने टिचकी मारली. बोटं तर आधीच झिणझिणत होती. त्यातलं रिमचं किती आणि यंत्राचं किती? पुन्हा मारली. कळेना. आणि मग एक विचार आला. यंत्र मघापासूनच सुरू असेल तर? पहिल्या तिघींच्या वेळी तरी त्याने नेमकं काय ऐकलं होतं?

"बाबा, काय म्हणतेय?" लेक त्याच्या डोळ्यांसमोर येऊन विचारत होती.

यंत्र थांबेपर्यंत थांबू, एवढंच म्हणायचं होतं. पण कान असलेल्या माणसाने यंत्राला कशाला घाबरावं? तो यापूर्वी याच गोंगाटात डझनावारी रिमा निवडून गेला होता, आणि भंगारवाला ते सगळ्यांना सांगत असे.

"गातेय," कानसेन म्हणाला.

चाकं न्यायला ओळखीचा टेंपोवाला आला होता. त्याचं सामानाशी वाकडं होतं. फ्रीज असो की सोफा, तो गोणीसारखा फेकायचा. कानसेनाने त्याला हात लावू दिला नाही. घरून आणलेल्या जुन्या चादरी अंथरल्या, रिमा आडव्या ठेवल्या, दोन रिमांच्या मध्ये घड्या घातल्या, आणि दोर काड्यांमधून न नेता वरून, चादरीवरून आवळला. काडीत दोर अडकला आणि टेंपोने गचका दिला तर काडी दुखावते.

"अरे, चाकं नेतोयस का नवरी?" टेंपोवाला म्हणाला. "चाकाला कशाला रे टेंपो! त्याला खाली ठेव, ते आपलं आपण चालत येईल."

लेक हसली आणि आपल्या गाडीतून पुढे निघून गेली. कानसेन टेंपोत पुढे न बसता मागे चाकांपाशी बसला. चौथी रिम वेगळी ठेवावी, तिच्यावर खडूने खूण करावी असं बाजारातच मनात आलं होतं. पण खूण कशाची, असं लेकीने विचारलं असतं. म्हणून केली नाही. आता चारही रिमा चादरींत गुंडाळलेल्या होत्या, सख्ख्या बहिणींसारख्या एकसारख्या, आणि त्यातली चौथी कोणती हे त्यालाही सांगता आलं नसतं. रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा त्याच्या बरगड्यांतून गेला. आपण रिमांना धक्क्यापासून सांभाळतोय, आणि त्या रिमांवर लेकीला बसवायला निघालोय. हे काय चाललंय आपलं?

पोचेपर्यंत दुकानाच्या मालकीणबाईंनी टायर काढून ठेवले होते. काळे, रुंद, नवे टायर, अजून बारीक रबरी केस अंगावर असलेले. टायर एकदा चढला की रिम वाजत नाही, टायर तिचा गळा धरतो. जे काही विचारायचं ते आत्ताच विचारायला हवं होतं.

"थांबा," कानसेन म्हणाला. "कॉम्प्रेसर बंद करा."

"आज शांतता लागते होय कानसेनाला?" एक कामगार म्हणाला. तरी बटण दाबलं. बाकावर वाट बघत बसलेली गिऱ्हाइकं मासिकातून डोकं वर काढून बघायला लागली. कानसेनाने एक रिम धरली. टिचकी मारली. बोटांत झिणझिणी आली, पण दिवसभराच्या दोर आवळण्याने आणि टेंपोच्या हादऱ्यांनी बोटं आधीच बधिरली होती. दुसरी धरली. तिसरी. चौथी. चौघींचं एकच म्हणणं होतं, आणि ते म्हणणं काय हे त्याला कळत नव्हतं.

त्याने रिम खाली ठेवली. लेकीला बाजूला, टायरांच्या रॅकपाशी नेलं आणि तिच्या कानाशी लागून कुजबुजला.

निदान त्याला वाटलं की तो कुजबुजला.

"मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. ही रिम गाते की खोकते, मला काही कळलेलं नाही. मी खोटं बोललो."

बंद पडलेल्या कॉम्प्रेसरच्या शांततेत हे शब्द दुकानाच्या एका भिंतीवर आपटून दुसऱ्या भिंतीवर गेले. कामगाराच्या हातातला पाना तसाच राहिला. मालकीणबाई काउंटरमागून धावत आल्या.

"काका, हळू! गिऱ्हाईक बसलंय!"

"काय?" कानसेन म्हणाला.

तेव्हा त्याने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आपण किती मोठ्याने बोललो ते त्याला समजलं.

लेक त्याच्यासमोर उभी राहून, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाली, "बरेच दिवस म्हणजे किती?"

"गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधीपासून."

"त्यानंतर तुम्ही किती लोकांना रिमा निवडून दिल्यात, बाबा?"

त्याचा जीव इतका लेकीत अडकला होता की हा प्रश्न त्याने स्वतःला कधी धड विचारलाच नव्हता. बोटांवर भरवसा ठेवून किती जणांना खुशाल रस्त्यावर सोडलं, कोण जाणे.

"दुसरा काही उपाय नाही का, तडा शोधायचा?"

"आहे की. आतली बाजू घासून पुसायची, रॉकेल लावायचं. थोडा वेळ जाऊ द्यायचा. मग कोरडं पुसून वर खडूची पूड टाकायची. तडा असला तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं, पुडीवर रेघ उमटते."

"मग हे करत का नव्हता?"

"वेळ लागतो." तो थांबला. "आणि ते कुणालाही येतं."

लेकीला खूप काही बोलायचं होतं, आणि ते मोठ्याने बोलावं लागलं असतं. ती नुसती वळली आणि कामगाराला म्हणाली, "रॉकेल आहे का रे?"

चारही रिमा फरशीवर पालथ्या पडल्या. बापलेकीने वाकून आतली काजळी घासली, रॉकेल फिरवलं, थांबले, पुसलं, पांढरी पूड भुरभुरवली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एका रिमच्या कडेला, काडी जिथे गोलाला मिळते तिथे, पूड ओलसर झाली. मग तिथे केसाएवढी काळी रेघ आली आणि हळूहळू बोटभर लांब झाली. ती रेघ पाहायला कान लागत नव्हते. वळणावर, भर वेगात, हीच पहिली सुटली असती. कानसेनाने खाली बसून त्या रेघेवरून बोट फिरवलं. लेकीने ती रिम उचलून लांब भिंतीशी नेऊन ठेवली. परत आली आणि तिने हात चादरीला पुसले.

तेवढ्यात बाकावरची एक बाई उठून उभी राहिली. चष्म्याची काच पुसता पुसता तिने रस्त्यावर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बोट केलं.

"माझी पुढची दोन यांनीच वाजवून दिली होती," ती मालकीणबाईंना म्हणाली. "मी रोज आईला घेऊन जाते यातून."

"अहो, ती चांगलीच असतील," मालकीणबाई घाईघाईने म्हणाल्या. "काकांचं काय, आज जरा..." आणि त्यांनी लेकीकडे अशा नजरेने पाहिलं की आता हे प्रकरण कुठवर जाणार ते तूच सांग.

कानसेनाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. पण गाडीकडे केलेलं बोट दिसलं, आणि बाईचा चेहरा ओळखीचा होता. हीच ती, जिने त्या वेळी जाताना त्याचे दोन्ही हात धरून आभार मानले होते. तो गुडघ्यावर हात टेकत उठला. जॅक ओढत रस्त्यावर नेला. मालकीणबाईंनी हाक मारली असावी, पण तो थांबला नाही. जॅक गाडीखाली सरकवला, आणि दांडा मारण्याआधी, हवेची गन न घेता, हातपान्यानेच नट सैल करायला लागला. लेक रॉकेलचा डबा घेऊन मागून आली आणि त्याच्या शेजारी रस्त्यावरच बसली.

बाई त्याच्या डोक्यावर उभी राहून काहीतरी विचारत होती. त्याला फक्त ओठ हलताना दिसले.

त्याने पाना खाली ठेवला आणि वर पाहिलं.

"पुन्हा बोला, ताई," तो म्हणाला. "जरा मोठ्याने बोला. मला ऐकू येत नाही."